मुक्कामी गाडी: मागणारे कोण, बसणारे कोण

पश्चिम महाराष्ट्रात सह्याद्रीच्या पूर्व उतारावर एक खोरं आहे. त्यात ओढ्याच्या काठानं ओळीनं पाच गावं आणि वर डोंगरात एक धनगरवाडा. रात्री शेवटच्या गावात मुक्कामाला येणारी आणि पहाटे तालुक्याला निघणारी एसटी या गावांना तीन वर्षांहून जास्त काळ नव्हती. ती परत आली, पण मधली वर्षं सगळीच टाळेबंदी आणि संपात गेली असं नाही. त्यातलं जवळजवळ एक वर्ष आम्ही आमच्या हातानं घालवलं. मी तिथल्या माध्यमिक शाळेत शिकवत होतो आणि गाडीसाठी नेमलेल्या समितीचा चिटणीस होतो. गावांची, आगाराची आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेली. ‘रस्ता तिथे एसटी’ हे महामंडळाचं ब्रीद, आणि आमच्याकडे रस्ताच नव्हता. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली तेव्हा खोऱ्यातल्या लोकांनी स्वतः खडी फोडून रस्त्याचा पहिला टप्पा केला. पुढचे टप्पे रखडत झाले. गाडी शेवटच्या गावापर्यंत पोचली ती ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. तिला नारळ फोडणारे, हार घालणारे काही लोक अजून आहेत. विचारलं की ते आधी रस्त्याचं सांगतात आणि मग गाडीचं.

तालुक्यापासून शेवटचं गाव ३४ किलोमीटर. संध्याकाळची शेवटची फेरी तिथेच मुक्कामाला थांबायची. चालक-वाहक देवळाच्या ओवरीत नाहीतर गाडीतच झोपायचे आणि पहाटे गाडी तालुक्याकडे सुटायची. या पद्धतीत आगाराचाही फायदा असतो. गाडी मुक्कामाला नसली तर पहाटेच्या फेरीसाठी आगारातून तिला रिकामीच वर यावं लागतं. मुक्काम असला की संध्याकाळी घरी परतणारी माणसं घेऊन ती वर येते आणि सकाळी कामाला निघालेली घेऊन खाली जाते. दोन्ही वेळा भरलेली.

गावासाठी ती फक्त प्रवासाची सोय नव्हती. वाहकाला आमच्याकडे मास्तर म्हणतात. मास्तर तालुक्याहून औषधं आणायचे, वर्तमानपत्राचा गठ्ठा आणायचे, पंपाचा बिघडलेला भाग दुकानात नेऊन द्यायचे. सगळ्यात महत्त्वाचे डबे. तालुक्याला खोली घेऊन शिकणाऱ्या पोरांचे डबे पहाटेच्या गाडीत चढायचे. कापडी पिशवीवर दोऱ्यानं नाव शिवलेलं, आत भाकरी, कालवण, कधी लोणच्याची पुरचुंडी. पोरं स्टँडवर उभी असायची. काल परत आलेले रिकामे डबे आईच्या हातात पडले की मूल जेवलं हे तिला कळायचं. माझ्या पिढीतले कितीतरी शिक्षक, तलाठी, फौजदार त्या डब्यांवर शिकले. मी स्वतःही.

नव्वदनंतर वडाप आलं, म्हणजे उतारू नेणाऱ्या खासगी जीपा. जीप वेळेला बांधलेली नसते, भरली की निघते, दारात थांबते. दिवसाच्या फेऱ्यांचे उतारू हळूहळू तिकडे गेले. मुक्कामी गाडी मात्र टिकली, कारण पहाटे सहाला कुठलीच जीप भरत नाही.

अडचण

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि सगळंच थांबलं. शाळा-कॉलेजंही बंद, त्यामुळे पहाटेच्या गाडीची उणीव कुणाला जाणवली नाही. पुढे काही फेऱ्या सुरू झाल्या, तोवर २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. महामंडळाचं शासनात विलीनीकरण करा ही त्यांची मुख्य मागणी होती. उच्च न्यायालयानं २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं आणि त्यानंतर गाड्या पुन्हा रस्त्यावर आल्या. आमच्या खोऱ्यात दोन फेऱ्या परतल्या, एक सकाळी साडेदहाची आणि एक दुपारी चारची. मुक्कामी गाडी आली नाही.

तालुक्यातलं कनिष्ठ महाविद्यालय सकाळी साडेसातला भरतं. साडेदहाच्या गाडीनं तिथे जाणं म्हणजे सुटायच्या वेळेला पोचणं. मोटारसायकल असलेल्या घरातली मुलं गेली, काहींनी खोली घेतली. मुलींचं काय झालं ते मला जूनमध्ये दाखले देताना दिसलं. त्या वर्षी माझ्या वर्गातून १९ मुली दहावी झाल्या आणि अकरावीला प्रवेश घेतला आठ जणींनी. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. पण पास आहे आणि गाडी नाही, अशा पासाचं करायचं काय? मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस खास मुलींसाठी धावतात, पण तो कार्यक्रम १२५ तालुक्यांपुरता आहे आणि आमचा तालुका त्यात नव्हता.

समोरचे पर्याय

जुलै २०२२ मध्ये पाच गावांची मिळून समिती झाली. बैठकीत चार मार्ग पुढे आले.

पहिला रास्ता रोको. जाणत्या माणसांनीच तो बाजूला ठेवला. त्यांचा अनुभव असा की आंदोलनानंतर गाडी पंधरा दिवस येते, मग एक दिवस चुकते, मग आठवड्यातून दोनदा चुकते आणि एका पावसाळ्यात बंद होते.

दुसरा, मुलींसाठी महिन्याच्या बोलीवर जीप ठरवणं. हे आम्ही ऑगस्टमध्ये करूनही पाहिलं. नऊ मुली, ठरलेलं भाडं. दुसऱ्याच महिन्यात तिघींच्या घरून पैसे आले नाहीत, कारण पीक अजून शेतात होतं. उरलेल्या सहा जणींवर भाडं वाढलं, त्यातल्या दोघी गळाल्या, आणि जीपवाल्याचं डिझेलही सुटेना. गाडीच्या विम्यात आणि परवान्यात विद्यार्थी नेणं बसत नव्हतं, ही भीती वेगळीच. मी शिक्षक असून ती जोखीम घेतली, याची आजही टोचणी आहे.

तिसरा मार्ग गावाची स्वतःची गाडी. खोऱ्यातला एक मुलगा जर्मनीत नोकरीला आहे, त्यानं तिथल्या ‘ब्युर्गरबुस’ची माहिती पाठवली. गावकरी संस्था करतात, लहान मिनीबस असते आणि निवृत्त माणसं पगार न घेता पाळीपाळीनं ती चालवतात. जर्मनीतली पहिली अशी बस १९८५ मध्ये सुरू झाली. इंग्लंडमध्येही गावांच्या बस आहेत आणि १९८५ च्या परिवहन कायद्यात त्यांच्यासाठी वेगळा परवाना आहे. वाचून आम्ही हरखलो. पण आपल्याकडे ठरलेल्या मार्गावर प्रत्येक उतारूकडून तिकीट घेऊन गाडी चालवणं ही टप्पा वाहतूक होते, आणि ग्रामीण महाराष्ट्रात ती महामंडळाकडे आहे. शिवाय पाच गावांत अवजड वाहनाचा परवाना असलेली माणसं होती ती सगळी मुंबईला ट्रक नाहीतर टेम्पोवर. हा मार्ग तिथेच थांबला. मला वाटतं, सगळ्यांत जास्त अभ्यास त्याच मार्गाचा व्हायला हवा होता. आम्ही एका बैठकीत तो सोडून दिला.

चौथा, आगाराकडे रीतसर मागणी करून फेरी मिळवणं. हा निवडला. निवड बरोबर होती. मागताना मात्र आम्ही चुकीची गोष्ट मागितली.

पहिलं वळण: चुकीची वेळ

समितीत नऊ जण होतो. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, दूध संकलनवाले, दोन माजी सैनिक, मी. सगळे पुरुष, आणि नऊच्या नऊ जणांच्या दारात दुचाकी. आम्ही अर्ज लिहिला तो दुपारी बाराच्या फेरीसाठी. तहसील, बँक, दवाखाना, सगळ्यांची कामं त्या वेळेला होतात, असं आमचं म्हणणं होतं. कुणीही हरकत घेतली नाही. मीही नाही. मुलींच्या गळतीचे आकडे माझ्या खिशात असताना मी त्या अर्जावर सही केली. समजूत अशी होती की एक फेरी मिळाली की दुसरी मागता येईल.

आगारानं फेरी दिली. सप्टेंबर २०२२ मध्ये बाराची गाडी सुरू झाली आणि रिकामी धावू लागली. ज्यांनी मागितली होती ते मोटारसायकलवरून तिच्या पुढे जायचे. सहा आठवड्यांनी भारमान, म्हणजे जागांच्या मानानं उतारू, कमी म्हणून ती बंद झाली, आणि तिच्याबरोबर आमची पतही गेली. पुढच्या प्रत्येक भेटीत समोरची फाईल हेच सांगायची की या खोऱ्यात फेरी देऊन पाहिली, उतारू नाहीत. यात दोष आगाराचा नव्हता. आम्हीच त्यांच्या हातात तो पुरावा दिला होता.

दुसरं वळण: २६ जानेवारीची ग्रामसभा

२६ जानेवारी २०२३ च्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर गाडीचा विषय शेवटून दुसरा होता. चेअरमन सांगत होते की दुपारच्या फेरीसाठी पुन्हा अर्ज करू. मागे बसलेल्या एक आक्का उभ्या राहिल्या. त्या तालुक्याच्या बाजारात माळवं, म्हणजे भाजीपाला विकतात. म्हणाल्या, “तुमच्याकडं फटफट्या हायत. गाडी आमाला लागती, आन येळ तुमी ठरवताय व्हय?”

सभेत कुणी बोललं नाही. मग दुसऱ्या बायका बोलायला लागल्या. पहाटे माळवं घेऊन गेलं तर भाव मिळतो, साडेदहाला गेलं की उरलासुरला. बाळंतपणाच्या तपासणीला सकाळी नंबर लावावा लागतो. आणि संध्याकाळी घरी परतायला वाहन नसलं तर पोरीला कॉलेजात घालायची कुणाची हिंमत नाही. यातलं एकही वाक्य आमच्या अर्जात नव्हतं.

त्याच दिवशी समिती बदलली. त्या आक्का आल्या, दोन मुलींच्या आया आल्या, गावच्या आशा सेविका, म्हणजे आमच्या आशाताई आल्या. वेळ नव्यानं ठरली. पहाटे सहाला शेवटच्या गावातून निघून सव्वासातला तालुक्यात, आणि संध्याकाळी सव्वासहाला तालुक्यातून परत. म्हणजे जुनी मुक्कामी गाडीच.

तिसरं वळण: वही

फाईलमधल्या ‘उतारू नाहीत’ला उत्तर हवं होतं. इथे आशाताईंनी एक गोष्ट दाखवून दिली. साडेदहाच्या गाडीत गर्दी दिसते, मग कागदावर ती का दिसत नाही? कारण पासवाल्याचं तिकीट फाडलं जात नाही. पासाचे पैसे खिडकीवर आधीच भरलेले, मुलींचा तर पासच मोफत. त्यामुळे फेरीत चाळीस माणसं असली तरी वे-बिलावर, म्हणजे वाहकाच्या हिशेबाच्या कागदावर, तिकिटं अठरा-वीसच उतरतात.

आम्ही वही घातली. खोऱ्याच्या तोंडाशी फाटा आहे, तिथे पहाटे साडेपाच ते आठ आणि संध्याकाळी पाच ते आठ अशी रोज नोंद. एसटी, जीप, दुचाकीच्या मागे बसून, चालत, कशानंही जाणारा प्रत्येक माणूस, त्याचं गाव आणि जायचं कारण. नोंदी ठेवल्या त्या अकरावीला न जाता घरी बसलेल्या दोन मुलींनी. फेब्रुवारी आणि मार्चचे मिळून २४ दिवस, एकही खाडा न करता. अक्षर इतकं नेटकं की आगारात त्या वहीची झेरॉक्स न काढता ती मूळ प्रतच टेबलावर ठेवली.

त्यातच १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्ध तिकीट लागू झालं. ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासून होताच. वहीत फरक लगेच दिसला. एसटीत बायका वाढल्या, जीपमधल्या कमी झाल्या. ही सवलत आमच्या प्रयत्नानं आली नव्हती, आणि ती नसती तर नुसती वही पुरली असती असं मी म्हणणार नाही. पण वही नसती तर तो बदल आम्हाला आगारासमोर ठेवताही आला नसता.

चौथं वळण: माणसं झोपणार कुठं

एप्रिलमध्ये आगार व्यवस्थापक स्वतः रस्ता पाहायला आले. आम्ही बांधकाम खात्याचं पत्र, पाच ग्रामपंचायतींचे ठराव, वही, सगळं मांडून बसलो होतो. त्यांनी वही चाळली आणि विचारलं, “मास्तर, ते ठीक आहे. माझी माणसं झोपणार कुठं?”

आमच्याकडे उत्तर नव्हतं. ओवरीत झोपायचे, एवढंच आम्हाला आठवत होतं. साहेबांनी शांतपणे सांगितलं की मुक्कामी कामगिरीला कर्मचारी का नको म्हणतात. डास, संडास नाही, रात्री गाडीतलं डिझेल जाण्याची भीती, आणि पहाटे पुन्हा घाटाचा रस्ता. झोप न झालेल्या चालकाच्या मागे तुमचीच मुलं बसणार, हेही म्हणाले.

चाळीस वर्षं गाडी मुक्कामाला येत होती आणि ती माणसं कशी राहतात याचा विचार गावानं केला नव्हता. मला ते फार लागलं. माझ्या आईचा डबा ज्यांनी पोचवला ती माणसं डास मारत रात्र काढत होती.

काय केलं

जुन्या बालवाडीची खोली रिकामी होती. तिचे पत्रे बदलले, दोन खाटा, पंखा, मच्छरदाण्या, आंघोळीची जागा, संडास. खर्च पाच गावांनी वाटून घेतला, श्रमदान वेगळं. जेवणाची पाळी लावावी का यावर बराच वाद झाला. काही जणांना तो पाहुणचार वाटत होता. एका निवृत्त वाहकानं समजावलं की रोज कुणाच्या तरी घरी जेवायला बसणं हे माणसाला ओझं होतं, शिवाय उद्या एखाद्याला तिकीट मागताना मास्तरला संकोच वाटेल. मग शेगडी, भांडी आणि पाणी एवढंच ठेवलं. हा सल्ला मोलाचा ठरला.

देवळापुढे गाडी वळत नव्हती, कारण उकिरडे आणि बैलगाड्या रस्त्यावर आल्या होत्या. ते हटवले. एका शेतकऱ्यानं बांधाचा कोपरा दिला. रस्त्यावर आलेल्या फांद्या उतरवल्या. रात्री गाडीजवळ दिवा लावला आणि राखणीची पाळी तरुण मंडळानं घेतली.

सगळ्यात अवघड बैठक वडापवाल्यांबरोबरची. चार जीपा, चौघंही आमचीच पोरं, त्यातले दोघं माझे विद्यार्थी. डोक्यावर कर्जाचे हप्ते. पहाटेची आणि संध्याकाळची वेळ एसटीला सोडायची, दिवसभर तुम्ही चालवा, असं ठरलं. तिघांनी मानलं. चौथ्यानं तोंडावर सांगितलं की संध्याकाळच्याच फेरीवर माझा हप्ता निघतो. त्याला देण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं. वर्षभरात त्यानं जीप विकली आणि तो पुण्याला गेला. त्याच्या घरी मी अजून मोकळेपणानं जाऊ शकत नाही.

काय झालं

जून २०२३ मध्ये शाळा उघडताना मुक्कामी गाडी एक महिन्यासाठी प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. महिना संपला, मुदत वाढली, आणि पुढे मुदतीचं कुणी काढलं नाही. पहिल्या पावसाळ्यात दोनदा दरड आली तेव्हा गाडी खालच्या गावात थांबली. गावातून फोन गेला, रस्ता मोकळा केल्यावर पुन्हा गेला, आणि दुसऱ्या दिवशी गाडी वर आली. पूर्वी अशा वेळी गाडी महिनाभर खालीच राहायची.

त्या जूनमध्ये दहावी झालेल्या १७ मुलींपैकी १४ अकरावीला गेल्या. वही लिहिणाऱ्या दोघींपैकी एकीनं वर्ष वाया घालवूनही प्रवेश घेतला. दुसरीचं मे महिन्यात लग्न झालं होतं. डबे पुन्हा सुरू झाले, पण थोडे. आता बरीच मुलं रोज घरी येतात, त्यामुळे त्यांची गरजच उरलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं तेव्हा उतारू कमी होतील अशी धास्ती होती. पहाटेच्या गाडीत तसं दिसलं नाही. त्या वेळी तिच्यात बायका आणि विद्यार्थीच जास्त असतात.

पुन्हा करायचं तर

वही पहिल्या महिन्यात घालायला हवी होती आणि अर्ज नंतर लिहायला हवा होता. आम्ही उलट केलं. मागणी लिहिणाऱ्यांत रोज गाडीवर अवलंबून असलेली माणसं निम्म्याहून जास्त असावीत, असा नियम पहिल्या बैठकीत केला असता तर बाराची फेरी मागितलीच गेली नसती. २०२२ च्या त्या मुलींचं एक वर्ष कदाचित वाचलं असतं. चालक-वाहकांशीही आम्ही सगळ्यात शेवटी बोललो. निवृत्त होऊन गावात राहिलेले दोन वाहक आमच्या शेजारी होते, त्यांना जुलैतच बोलावता आलं असतं. आणि वडापवाल्यांशी बोलणं गाडी जवळजवळ ठरल्यावर झालं. त्यात त्यांना विचारण्यापेक्षा कळवणंच जास्त होतं.

धनगरवाड्याचं काम राहिलं आहे. तिथून शेवटचं गाव तीन किलोमीटर खाली आहे आणि वाट पायवाटेचीच. रस्त्याचा प्रस्ताव वनजमिनीमुळे अडलेला आहे. वाड्यातून चार मुली कॉलेजला येतात. साडेचारला उठतात, पाचला बॅटऱ्या घेऊन उतारावर लागतात. पावसात कधी उशीर होतो. मुक्कामाच्या खोलीच्या भिंतीवर समितीनं एक कागद लावलाय, नवीन चालक-वाहकांसाठी. त्यावर वेळापत्रक आहे, दवाखान्याचा आणि सरपंचांचा फोन आहे, आणि खाली आक्कांनी सांगून लिहून घेतलेली एक ओळ: सहा वाजले आणि डोंगरावर बॅटरी दिसली, तर पाच मिनिटं थांबावं.